ट्रक ड्रायव्हरच्या झोपेला वीज कोण देणार?

लखनऊ छावनी : अपघाताच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक वाक्य ठरलेले असते. 'चालकाचा डोळा लागल्याने वाहनावरील ताबा सुटला.' एवढे छापून आले की सर्वांचे काम संपते. पोलिसांचे संपते, मालकाचे संपते, विमा कंपनीचे संपते. ड्रायव्हर जिवंत असेल तर कोठडीत जातो आणि मेला असेल तर प्रश्नच मिटतो. डोळा का लागला, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. ८ जुलै २०१९ च्या पहाटे लखनऊहून दिल्लीला निघालेली राज्य परिवहनची बस यमुना एक्स्प्रेसवेवर आग्र्याजवळ नाल्यात कोसळली आणि २९ माणसे गेली. तेव्हाही ड्रायव्हरला डुलकी लागली असावी असेच सांगण्यात आले. २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, हा आकडा केंद्र सरकारच्याच अहवालातला आहे. मृतांच्या यादीत आम्ही राहतो ते उत्तर प्रदेश राज्य पहिल्या क्रमांकावर होते.

आम्ही रेल्वेवाले. ट्रकवाल्यांच्या झोपेत आम्ही नाक खुपसण्याचे कारण काय, असे काही बांधव विचारतील. रेल्वे आणि ट्रक यांचे नाते सवतीसवतीचे. आमचा माल रस्त्याने पळवला, ही तक्रार आमच्या प्रत्येक अधिवेशनात होते आणि ती खोटी नाही. परंतु ते भांडण धोरणाचे आहे, भाड्याचे आहे. रात्री तीन वाजता समोरच्या काळोखात डोळे ताणून बसणारा माणूस इंजिनात असो की ट्रकच्या केबिनमध्ये, तो एकाच जातीचा कामगार आहे. शिवाय या विषयात आमच्यापाशी जे थोडे आहे ते त्याच्यापाशी अजिबात नाही.

विषय झोपेच्या एका आजाराचा आणि त्यावरच्या एका यंत्राचा आहे.

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे असा आपल्याकडे समज आहे. घरातली माणसे हसतात, शेजारी तक्रार करतात, आणि विषय तिथेच संपतो. पुष्कळदा घोरणे हे नुसते घोरणेच असते. पण काही जणांचे घोरणे मध्येच थांबते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, एक मोठा आचका येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. असे तासाला पाच वेळा झाले तर आजार सौम्य, पंधराच्या वर मध्यम, तिसाच्या वर तीव्र अशी डॉक्टरांची मोजणी आहे. तिसाच्या वर म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी गळा दाबून उठवावे तसे. अशा माणसाने आठ तास बिछान्यात काढले तरी त्याची झोप होत नाही. तो दिवसभर पेंगतो. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. वैद्यकीय भाषेत याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

हा श्रीमंतांचा आजार नव्हे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशातले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये जो अंदाज मांडला, त्यात कामाच्या वयाच्या सुमारे दहा कोटी भारतीयांना हा त्रास असावा असे निघाले, आणि पुरुषांमध्ये तो बायकांच्या दुपटीहून जास्त. जाड मान, सुटलेले पोट, तासन्‌तास बसून काम, रात्री उशिरा ढाब्यावरचे तेलकट जेवण, चाळिशी उलटलेली. हे वर्णन वाचून प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला आरसा दाखवल्यासारखे वाटेल. आमच्या लोको पायलट बांधवांनाही वाटेल.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८० साली एक युक्ती काढली. एक लहान मोटर खोलीतलीच हवा ओढून नळीवाटे नाकावरच्या मुखवट्यात सोडते. त्या हवेच्या हलक्या दाबाने घसा मिटत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. यालाच सीपॅप म्हणतात. ज्याला मानवते त्याला पहिल्या आठवड्यातच फरक जाणवतो. मात्र हे यंत्र रोज लावावे लागते, आणि झोप लागल्यापासून उठेपर्यंत ते चालू राहावे लागते. चष्म्यासारखे आहे, काढला की पुन्हा अंधूक.

रोज आणि रात्रभर. ट्रकवाल्याची गाडी अडते ती इथेच.

नाशिककडून कांदा आणि द्राक्षे घेऊन जे ट्रक लखनऊला येतात, त्यांच्या ड्रायव्हरांत मराठी माणसे असतात. आपली भाषा ऐकू आली की आम्ही थांबतो, चहा होतो, गावाकडच्या पावसाची चौकशी होते. असाच एक पन्नाशीचा ड्रायव्हर एकदा बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून पेंगला. चहाचा ग्लास हातातच. शेजारी बसलेला त्याचा क्लीनर म्हणाला, उस्ताद असेच करतात, स्टिअरिंगवर मी त्यांना बोलतं ठेवतो. मग हळूहळू कळले की तपासणी झाली आहे, आजार ठरला आहे, मुलाने कर्ज काढून यंत्रही आणले आहे. "मग यंत्र कुठे आहे?" आम्ही विचारले. "घरी आहे, साहेब. कपाटात. महिन्यातले चार-पाच दिवस मी घरी असतो, तेव्हा लावतो. गाडीत कुठे लावू? प्लग कुठाय?"

तीस-चाळीस हजारांच्या घरातली वस्तू महिन्यातले पंचवीस दिवस कपाटात, आणि तिची गरज असलेला माणूस वीस-पंचवीस टन माल घेऊन राष्ट्रीय महामार्गावर! यात मूर्ख कोणी नाही. ड्रायव्हर नाही, त्याचा मुलगा नाही, डॉक्टर तर नाहीच. केबिनमध्ये रात्री वीज नाही, एवढीच गोष्ट आहे.

ही वीज लागते तरी किती, ते पाहू. आम्ही मॅट्रिक शिकलेले, पण एवढा हिशोब आम्हाला येतो. यंत्राच्या अडॉप्टरवर कधी ८०, कधी ९० वॅट लिहिलेले असते, ते हवा ओलसर करण्यासाठी पाणी तापवण्यासकट कमाल धरून. पाण्याची टाकी आणि तापणारी नळी बंद ठेवली तर साधारण ३० वॅट धरून चालावे. आठ तासांचे २४० वॅट-तास होतात. म्हणजे पाव युनिट! लखनऊत कुठल्याही दुकानाच्या दराने दोन-अडीच रुपयांची वीज. एका माणसाची पुरी रात्रीची झोप आणि त्याच्यासमोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव, याची किंमत एका कटिंग चहाहूनही कमी आहे.

ही पाव युनिट वीज मिळवण्यासाठी ड्रायव्हरापुढे आज कोणते मार्ग आहेत? इंजिन रात्रभर चालू ठेवावे, तर मोठा ट्रक जागेवर उभा राहून अमेरिकेतल्या हिशोबाने तासाला सुमारे तीन लिटर डिझेल पितो. आठ तासांत दोन हजार रुपयांचे तेल! मालक दुसऱ्याच दिवशी हिशोब मागेल, आणि मागितला तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय बंद जागेत किंवा खेटून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत इंजिन चालू ठेवून झोपणे म्हणजे धुराच्या विषारी वायूला निमंत्रण देणे. दुसरा मार्ग गाडीच्याच बॅटरीचा. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. पाव युनिट म्हणजे चोवीस व्होल्टवर दहा अँपिअर-तास, वाटेतली गळती धरून बारा. बॅटरी १०० अँपिअर-तासांची आणि धडधाकट असेल तर हा आठवा हिस्सा झाला. सकाळी सेल्फ बिनतक्रार उचलेल. पण धडधाकट बॅटरी किती मालकांच्या गाडीत असते? ती शेवटच्या श्वासापर्यंत वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. पहाटे गाडी सुरू झाली नाही, माल उशिरा पोहोचला, तर भाडे कापले जाते ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून. म्हणून तो धोका पत्करत नाही. यंत्र कपाटात राहते.

या बाबतीत सरकारने एक चांगले काम अर्धे केले आहे, ते सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. आम्ही त्याचे स्वागत करतो. मे महिन्यात लखनऊत बोनेटजवळ बसून पाहिलेला कोणीही करील. पण हा एसी इंजिनावर चालतो. चाक फिरते तोवर गारवा. गाडी उभी करून झोपायला आडवे झाले की केबिन म्हणजे भट्टी. नियम करणाऱ्यांनी ड्रायव्हर चालवतो कसा याचा विचार केला, झोपतो कसा याचा केला नाही. त्याच नियमात झोपण्याच्या फळीजवळ एक विजेचे तोंड आणि त्यासाठी वेगळी बॅटरी असावी, असे दोन ओळींत लिहिता आले असते. कारखान्यातच बसवली तर ही जोडणी लाखोंच्या गाडीत किती पडते? टायरच्या किमतीत निघेल.

मोठमोठ्या गोष्टी मात्र सुचतात. ड्रायव्हर पेंगू लागला की घंटी वाजवणारी उपकरणे जड गाड्यांत बसवण्याचा मसुदा २०२५ मध्ये निघाला. आमच्या इंजिनात अशी एक वस्तू पूर्वीपासून आहे. लोको पायलटने साठ सेकंदांत कोणतीही हालचाल केली नाही तर दिवा लागतो, भोंगा वाजतो, आणि तरीही तो हलला नाही तर ब्रेक लागतात. ती असावी. तिने जीव वाचतात. पण आमचा अनुभव असा की भोंगा माणसाला जागे करतो, त्याची झोप भरून काढत नाही. झोपेअभावी मोडलेल्या माणसाला दर मिनिटाला टोचत राहणे हा उपचार नव्हे.

आता रनिंग रूमबद्दल. आमच्या तरुण सभासदांना वाटते की रनिंग रूम म्हणजे रेल्वेबरोबरच आलेली गोष्ट, रूळ आणि सिग्नलसारखी. तसे नाही. एके काळी लोको रनिंग स्टाफला ड्यूटी संपेल केव्हा याचा पत्ता नसे. १९७३ साली त्यांनी काम बंद केले तेव्हा त्या ऑगस्टमध्ये दहा तासांच्या मर्यादेचे आश्वासन मिळाले. ते पाळले गेले नाही, आणि मे १९७४ च्या संपाच्या मागण्यांमागे तीही ठसठस होती. ज्यांनी त्या वीस दिवसांत नोकऱ्या गमावल्या, ज्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले, त्यांच्या जिवावर आम्ही आज पलंगावर झोपतो. २००५ च्या नियमांत महिन्याला बावीस तासांच्या पाच किंवा तीस तासांच्या चार विश्रांती लिहिलेल्या आहेत. (तीस तासांत रोजची सोळा तासांची विश्रांती धरायची की वेगळी मोजायची, हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यावर आमची भूमिका सर्वांना माहीत आहे.) बाहेरगावी आठ तासांची ड्यूटी करून आलेल्याला आठ तास विश्रांती, चादर, जेवण, आणि कॉल येईपर्यंत कोणी उठवायचे नाही. सगळीकडे सगळे मिळते असा आमचा दावा नाही. आमच्या माहितीतल्या एका रनिंग रूममध्ये चार पलंगांत मिळून एकच प्लग होता आणि त्यावर मोबाईलची रांग लागे. सीपॅप वापरणाऱ्या सहकाऱ्याने तिथे काय करायचे? तेव्हा आमच्याही घरात केर आहे. प्रवाशांचेही तेच. २०२१ मध्ये आगीच्या भीतीने गाड्यांतले चार्जिंगचे प्लग रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवण्याचे ठरले, तेव्हा यंत्र लावून झोपणारा एखादा प्रवासीही असतो, हे कोणाच्या ध्यानात आले होते काय?

पण मुख्य फरक वेगळाच आहे. लोको पायलट ड्यूटी संपली की इंजिनाचा चार्ज देतो, सही करतो आणि निघून जातो. त्यानंतर इंजिनाचे डिझेल, रेकमधला माल, यातले काही त्याच्या उशाशी नसते. ट्रक ड्रायव्हरला गाडी सोडता येत नाही. टाकीतून डिझेल चोरले जाते, ताडपत्री फाडून पोती काढतात, स्टेपनी जाते, खुद्द बॅटऱ्याच काढून नेतात. भरपाई त्याच्या पगारातून. म्हणून तो गाडीतच झोपतो, अर्धा कान उघडा ठेवून. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात हजार विश्रांतिगृहे बांधण्याची घोषणा केली. तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाने पलंगांची सोय सुरू केली आहे. या सोयी वाढल्या पाहिजेत आणि तिथल्या प्रत्येक पलंगाजवळ रात्रभर चालू राहणारा प्लग असला पाहिजे. परंतु जोवर उभ्या गाडीची राखण कोणी करत नाही, तोवर तो पलंग रिकामा राहील आणि ड्रायव्हर केबिनमध्येच असेल. सोय करायची तर माणूस झोपतो तिथे करावी लागते.

लखनऊचेच उदाहरण घ्या. कानपूर रोडवरचे ट्रान्सपोर्ट नगर आमच्या छावनीपासून लांब नाही. दिवसा शहरात जड वाहनांना नो एंट्री, त्यामुळे ट्रक दिवसभर उभे. ड्रायव्हर दिवसा उन्हात झोपतो आणि रात्री चालवतो, म्हणजे निसर्गाच्या घड्याळाच्या बरोबर उलट. लखनऊ मेट्रोची पहिली गाडी सप्टेंबर २०१७ मध्ये याच ट्रान्सपोर्ट नगरपासून चारबागपर्यंत धावली. डोक्यावरून पंचवीस हजार व्होल्टची तार गेली आहे. खाली केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला तीस वॅट मिळत नाहीत. बाजूलाच मानकनगरला रेल्वेची आरडीएसओ आहे, जिथे इंजिनाच्या केबिनमधल्या वस्तूंचे मानक ठरते. रेल्वेसाठी मानक लिहिणारे कागद या शहरात आहेत, ट्रक या शहरात आहेत, आणि ट्रकच्या फळीपाशी एक प्लग असावा हे मात्र कोणत्याच टेबलावर नाही.

पार्किंगच्या प्रत्येक जागेवर एक खांब, त्यावर मीटर आणि सॉकेट, पैसे टाका आणि वीज घ्या, ही काही चंद्रावरची गोष्ट नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी चार्जिंगचे खांब शहरोशहरी उभे राहतच आहेत. जिथे मोटारीला वीज देता येते तिथे मोटार चालवणाऱ्याला का देता येऊ नये?

आता सर्वांत अवघड भाग. तपासणी.

अमेरिकेत १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कजवळ मेट्रो-नॉर्थची लोकल तासाला ३० मैलांच्या वळणावर ८२ मैलांनी घुसली आणि चार प्रवासी मेले. चालकाला स्लीप ॲप्निया होता आणि तो कोणाला माहीतच नव्हता. २९ सप्टेंबर २०१६ रोजी होबोकन स्थानकात गाडी बफर तोडून आत घुसली, एक बाई गेली. तिथेही तेच कारण निघाले. मग रेल्वे आणि ट्रक या दोन्ही चालकांच्या सक्तीच्या तपासणीचा नियम करायला सरकारने घेतला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सोडून दिला. पण त्याआधी, २०१६ मध्ये, तिकडच्या एका मोठ्या ट्रक कंपनीच्या हजारो ड्रायव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आजार असून ज्यांनी यंत्र अजिबात वापरले नाही, त्यांच्या हातून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट झाले. ज्यांनी नियमाने वापरले, त्यांचे प्रमाण निरोगी ड्रायव्हरांएवढेच होते. हे दुसरे वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. यंत्र लावणारा ड्रायव्हर धोकादायक नाही, हे त्यातून सिद्ध होते.

तरीही आपल्याकडे उद्या कोणी सक्तीची तपासणी आणली, तर आम्ही डोळे मिटून टाळ्या वाजवणार नाही. आम्हाला भीती माहीत आहे. लोको पायलटची वैद्यकीय तपासणी पंचेचाळीस वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी होते. तपासणीला जाताना घरात जे वातावरण असते ते मुलाच्या बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही नसते. घोरण्याबद्दल डॉक्टरांना आपण होऊन सांगणारा माणूस विरळा. तरी आम्हाला आधार आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील कलम ४७ आणि आता २०१६ च्या कायद्यातील कलम २० यामुळे सेवेत असताना अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. ट्रक ड्रायव्हरला काय आहे? मालकाने किल्ली काढून घेतली की संपले. त्याच्यासाठी तपासणीचा कागद हा बडतर्फीचा हुकूम ठरू शकतो. म्हणून क्रम उलटा लावला पाहिजे. आधी काम न जाण्याची हमी, मग यंत्र आणि त्याला वीज, आणि त्यानंतर तपासणी. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर ट्रक उभे राहिले, ते याच उलट्या क्रमामुळे. शिक्षा आधी, सोय कधीच नाही! ते कलम सरकारला बाजूला ठेवावे लागले.

कायद्याचे म्हणाल तर १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच कामगारांपासून लागू होता. दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी, असे बरेच काही त्यात होते. पाळले किती गेले ते सोडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला आणि पाचाचे दहा झाले. या देशातले ट्रक चार-पाच गाड्यांच्या छोट्या मालकांकडेच जास्त आहेत. म्हणजे ज्याला कायद्याची सर्वांत जास्त गरज तोच बाहेर. त्याच संहितेत ठराविक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची तरतूद आहे. ती राबवताना दोन साध्या गोष्टी घालाव्यात. मानेचा घेर टेपने मोजावा, आणि घोरणे, दिवसाची पेंग, रक्तदाब यांबद्दलचे आठ प्रश्न, जे डॉक्टर जगभर विचारतात, ते विचारावेत. पाच मिनिटांचे काम आहे. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याचीच पुढची तपासणी, आणि यंत्राचा खर्च ईएसआयने किंवा कल्याण मंडळाने करावा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून हे यंत्र मिळते. तेच श्वास घेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला का नाही, याचे उत्तर दिल्लीने द्यावे.

आमच्या महासंघात परिवहन कामगारांच्या संघटना आहेत आणि आमचीही आहे. पुढच्या अधिवेशनात हा ठराव एकत्र मांडावा अशी आमची सूचना आहे : झोपण्याच्या फळीजवळ वेगळ्या बॅटरीवरचे विजेचे तोंड नव्या प्रत्येक ट्रकमध्ये, ट्रान्सपोर्ट नगरांत आणि महामार्गांवरच्या पार्किंगमध्ये मीटरचे सॉकेट व राखण, आणि यंत्र वापरणाऱ्याला कामावरून काढण्यास मनाई. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये पलंगागणिक प्लग ही मागणी आम्ही आमच्या वाटणीची म्हणून वेगळी लढू.

हे होईपर्यंत ज्या बांधवांजवळ यंत्र आहे त्यांनी ते कपाटात ठेवू नये. यंत्र बनवणाऱ्याचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्यावा. यंत्र चोवीस व्होल्टचे असले तरी ट्रकच्या तारेला सरळ जोडू नये. इंजिन चालू असताना तिथे अठ्ठावीसपर्यंत व्होल्ट चढतात. इन्व्हर्टर लावून बॅटरीचे दोनशे तीस व्होल्ट करायचे आणि अडॉप्टरने पुन्हा चोवीसवर आणायचे, यात वीज वाया जाते. लावायचाच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा लावावा, स्वस्तातला नको. इलेक्ट्रिशियन दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्टची तार काढून देतो, ती काढू देऊ नये. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही मरतात. ऐपत असेल तर सीटखाली वेगळी छोटी बॅटरी बसवावी, रिले घालून, म्हणजे ती चालत्या गाडीत चार्ज होईल आणि सेल्फच्या बॅटरीला हात लागणार नाही. पावसाळ्यात हवा ओलीच असते, तेव्हा पाण्याची टाकी रिकामी ठेवली तरी चालते. लू सुटल्यावर नाक कोरडे पडले तर ती लावावी आणि बॅटरी दुप्पट लागेल हे धरून चालावे. धूळ फार, म्हणून फिल्टर दर आठवड्याला पाहावा. आणि तार कुठूनही काढली तरी फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवून घ्यावा. फळीजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तारेला लागलेली आग थांबवत नाही.